अडले की अडवले?

मराठीत दोन क्रियापदे अगदी शेजारी शेजारी नांदतात : अडणे आणि अडवणे. दोहोंत भेद एका अक्षराचा. पण व्यवहारात त्या अक्षराला फार मोल आहे. चिखलात गाडी अडते, तेव्हा तिला खांदा द्यावा लागतो. नाक्यावर गाडी अडवली जाते, तेव्हा खांदा देऊन उपयोग नसतो. तेथे कागद दाखवावे लागतात, अथवा अडवणाऱ्याला त्याचा अधिकार विचारावा लागतो. दुखणे कोणते हे ठरल्याशिवाय औषध ठरत नाही.

कर्नाटक शासनाच्या सेवेत असताना माझ्या टेबलासमोर येणाऱ्या बहुतेकांचे पहिले वाक्य एकच असे : "साहेब, काम अडलंय." ते खरोखर अडले आहे की कोणी अडवले आहे, हे शोधणे ही माझी पहिली जबाबदारी असे. अर्ज आवकेत पडून असेल, केस वर्कर रजेवर असेल, सातबाराऐवजी आपल्याकडचा 'आर.टी.सी.' उतारा जोडायचा राहिला असेल, तर ते अडणे. अधिकाऱ्याने कारण नोंदवून अर्ज परतवला असेल, तर ते अडवणे. या दुसऱ्या प्रकारासाठी आपल्या कचेऱ्यांत एक चांगली रीत आहे. नामंजुरीचे कारण लिहून, खाली सही करून, तो कागद अर्जदाराच्या हाती द्यायचा. त्याला सगळे 'एंडोर्समेंट' म्हणतात, कन्नडमध्ये 'हिंबरह'. खेड्यातला अशिक्षित माणूसही कचेरीत ठणकावून सांगतो, "होत नसेल तर तसं एंडोर्समेंट द्या." त्याला ठाऊक असते की नकार कागदावर आला म्हणजे वरच्या पायरीवर जाता येते. २०११च्या कायद्याने आणि त्यापाठोपाठ एप्रिल २०१२ पासून राज्यभर लागू झालेल्या 'सकाल' योजनेने याच रीतीला मुदत, पोचक्रमांक आणि अपिलाची वाट यांची जोड दिली.

हा पूर्वरंग एवढ्यासाठी की, सेवानिवृत्तीनंतर टेबल सुटले, पण तो प्रश्न सुटला नाही. तो आता घरातल्या एका लहानशा पेटीपाशी येऊन उभा राहिला आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात, बहुधा दूरचित्रवाणी संचाच्या शेजारी, राउटर नावाची ही पेटी लुकलुकत असते. बाहेरून आलेली इंटरनेटची तार घरातल्या सगळ्या उपकरणांना वाटून देणे हे तिचे काम. ती पूर्ण बंद पडली तर फारसे कोडे नसते. कोठे तरी तार तुटलेली असते किंवा बिल थकलेले असते. कोडे पडते ते निराळ्याच वेळी. वर्तमानपत्र उघडते, चित्रफिती चालतात, नातवंडांशी बोलणे होते, आणि नेमके एखादे संकेतस्थळ तेवढे उघडत नाही. गल्लीतली मंडळी मग मला हाक मारतात. मी या विषयातला तज्ज्ञ नव्हे. मात्र कोणते प्रकरण कोणत्या टेबलावर थांबले आहे, ते शोधण्याची सवय नोकरीने लावली आहे, आणि येथे तेवढी पुरते.

या शोधाची रीत मला शहापूरच्या मागांवर पाहायला मिळाली होती. आपल्या लहानपणी या गल्ल्यांतून मागांचा खटखटाट दिवसभर चाले. माग थांबला तर जाणता विणकर सबंध मागाला दोष देत नसे. ताण्याचा धागा तुटला की बाण्याचा, धोटा अडकला की फणी, हे तो ओळीने पाहत जाई. इंटरनेटच्या वाटेवरही असेच ओळीने पाहावे लागते.

ती वाट थोडक्यात अशी. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो. पण यंत्रांना नावे कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून नावावरून आकडा सांगणारी एक व्यवस्था मध्ये असते. तिला डी.एन.एस. म्हणतात, पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ती १९८३ मध्ये आखली. आपल्या बेळगावचे नाव शासनदरबारी १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावी झाले, तरी जुन्या नावाने टाकलेले पत्र पोस्टमन बिनबोभाट पोचवतो, कारण त्याच्या मनात दोन्ही नावांपुढे एकच घर आहे. डी.एन.एस. हा असा पोस्टमन आहे. आकडा कळला की मागणी राउटरमधून सेवादात्या कंपनीकडे, तेथून पुढे त्या संकेतस्थळाच्या यंत्राकडे जाते, आणि उत्तर त्याच मार्गाने परत येते. या वाटेवर कोठेही अडू शकते, आणि कोठेही अडवता येते.

पहिली परीक्षा सोपी आहे. मोबाइलचे वाय-फाय बंद करावे आणि त्याच्या स्वतःच्या जोडणीवर तेच संकेतस्थळ उघडून पाहावे. तेथेही उघडत नसेल, तर दोष बहुधा त्या संकेतस्थळाच्याच घरी, वाट पाहावी. तेथे उघडत असेल, तर दुसरी परीक्षा : घरच्या वाय-फायवर दुसरे एखादे उपकरण. एकावर उघडते आणि एकावर नाही, असे दिसले तर राउटर निर्दोष. त्या उपकरणाचे प्रथम घड्याळ पाहावे. जुन्या संगणकातली छोटी बॅटरी संपली की त्याची तारीख काही वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे मुदतीची असतात, आणि मागे राहिलेल्या घड्याळाच्या दृष्टीने आजच्या प्रमाणपत्राचा जन्मच झालेला नसतो. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांची बँक आठवडाभर 'बंद' होती. तारीख सुधारताच उघडली.

घरातल्या सगळ्याच उपकरणांवर अडत असेल आणि बाहेर उघडत असेल, तर मात्र राउटरच्या आत शिरावे लागते. पेटीच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर तिचा आकडा असतो; बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये लिहिला आणि परवलीचा शब्द दिला की पेटीचे अंतरंग खुले होते. तेथे तीन जागा पाहण्यासारख्या. पहिली डी.एन.एस.ची. सेवादात्याचा पोस्टमन कधी आजारी असतो. त्याच्याऐवजी गुगलचा ८.८.८.८ (२००९) किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ (२०१८) हा सार्वजनिक पोस्टमन नेमून पाहावा. दुसरी जागा 'एम.टी.यू.' या अगम्य नावाची. माहिती पाकिटांतून जाते आणि पाकिटाचे कमाल आकारमान सामान्यतः १५०० बाइट असते. पण काही जोडण्यांत वरच्या वेष्टनाला ८ बाइट लागतात, म्हणून आत १४९२च मावतात. राउटर १५००चा हट्ट धरून बसला, तर हलकी संकेतस्थळे उघडतात आणि काही मात्र अर्ध्यावर खोळंबतात. दाराच्या चौकटीपेक्षा कपाट मोठे निघावे तसे. तिसरी जागा पालक-नियंत्रणाची : कोणती संकेतस्थळे, कोणते शब्द, कोणत्या वेळी बंद, याची यादी.

आता गंमत पाहा. घड्याळाच्या दोषात निदान प्रमाणपत्राची तक्रार तरी दिसते. बाकी पोस्टमन आजारी असो, पाकीट मोठे असो की कोणी मुद्दाम दार लावलेले असो, पडद्यावरचे वाक्य बहुतेक वेळा एकाच साच्याचे असते : हे संकेतस्थळ उघडता येत नाही. अडले की अडवले, हे यंत्र सांगत नाही.

हा तपशील कोरडा वाटेल. आमच्या घरी तो कोरडा राहिला नाही.

२०२३च्या पावसाळ्यात माझ्या पत्नीला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. तपासणीचा अहवाल हाती आला तेव्हा शल्यचिकित्सकांची पुढची भेट पाच दिवसांवर होती. ती निवृत्त शिक्षिका. वर्गावर जाण्याआधी धडा वाचून जायची तिची सवय. वही घेऊन ती संगणकापाशी बसली. पुण्याच्या एका मैत्रिणीने, जी स्वतः या वाटेने जाऊन आली होती, तिला तीन-चार संकेतस्थळांची नावे लिहून दिली होती. त्यांतले एक उघडले. बाकीची उघडली नाहीत. ती बंद पडली असावीत, असे समजून तिने वही मिटली. दोन दिवस ती काही बोलली नाही. या दुखण्याचे नाव आपल्याकडे बायका अजूनही आवाज खाली करून घेतात. त्यात 'नेमके तेच पान उघडत नाही' ही तक्रार कोणापुढे करायची?

तिसऱ्या दिवशी तिने सांगितले. मी वर लिहिलेल्या क्रमाने गेलो. मोबाइलच्या जोडणीवर सगळी संकेतस्थळे उघडली. घरच्या वाय-फायवर संगणक आणि फोन दोन्हींवर अडली. डी.एन.एस. बदलला, फरक नाही. मग दोन्ही प्रकारची नावे एका कागदावर समोरासमोर लिहिली, तेव्हा उलगडा झाला. उघडलेल्या संकेतस्थळाच्या नावात फक्त रोगाचे नाव होते. न उघडणाऱ्या प्रत्येकाच्या नावात त्या अवयवाचा इंग्रजी शब्द होता.

यंत्राचा बिघाड इतका व्युत्पन्न नसतो. तो शब्द वाचून निवड करीत नाही. जेथे निवड दिसते तेथे कोणाचा तरी हात असतो.

तो हात घरचाच निघाला. २०२०च्या टाळेबंदीत आमचे चिरंजीव बंगळूरहून सहकुटुंब येथे येऊन राहिले होते. तो एका खोलीत नोकरी करी, दोन्ही मुलांचे वर्ग दुसऱ्या खोलीत भरत. मुलांच्या डोळ्यांपुढे नको ते येऊ नये म्हणून त्याने राउटरमध्ये काही इंग्रजी शब्द घालून ठेवले. ज्या संकेतस्थळाच्या नावात त्यांतला शब्द असेल, त्याला दार बंद. बापाने करावे तेच त्याने केले. पुढच्या वर्षी ती मंडळी परत गेली. यादी मात्र जागेवरच राहिली, बंद मागे घेतल्याचा निरोप न पोचलेल्या पहारेकऱ्यासारखी. मी फोन केला तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "बाबा, ते तिथं असेल हेच माझ्या डोक्यात नव्हतं."

शब्द काढला. त्या रात्री पत्नीने वहीची सहा पाने भरली. डॉक्टरांपुढे तिने जे प्रश्न ठेवले, त्यांत एक असा होता : संपूर्ण अवयव काढणे हाच मार्ग आहे, की गाठ तेवढी काढून पुढे किरणोपचार घेता येतील? तिच्या बाबतीत दुसरा मार्ग शक्य होता. निर्णय डॉक्टरांनी आणि तिने मिळून घेतला. आज ती बरी आहे. डॉक्टरांनी तो पर्याय न विचारता सांगितलाही असता. तथापि, जो प्रश्न मुळात आहे हेच ठाऊक नाही, तो रुग्णाच्या तोंडून कधी येत नाही. आणि शहाण्या माणसालाही आपल्याच शरीराविषयी अडाणी ठेवण्याचे सामर्थ्य त्या एका विसरलेल्या शब्दात होते, एवढे खरे.

असे प्रकार जगभर घडले आहेत. इंग्लंडमधील स्कन्थॉर्प या गावाच्या नावाच्या पोटात एक असभ्य इंग्रजी शब्द लपलेला आहे. १९९६ मध्ये 'ए.ओ.एल.' कंपनीच्या चाळणीने तो शब्द हेरला आणि त्या गावच्या रहिवाशांना आपल्या गावाच्या नावाने खातेच उघडता येईना. संगणकाच्या परिभाषेत या प्रकाराला आजही त्या गावाचे नाव आहे. पुढे २०२० मध्ये क्लाउडफ्लेअरने कुटुंबांसाठी म्हणून १.१.१.३ हा गाळणी लावलेला डी.एन.एस. सुरू केला, तेव्हा पहिल्याच दिवसांत समलिंगी व्यक्तींना माहिती व आधार देणारी काही संकेतस्थळे त्यात चुकून अडली. कंपनीने ते कबूल करून सुधारले. चाळणी कोणतीही असो, तिच्यातून खडे गाळताना थोडे दाणे जातातच. गेलेले दाणे कोणाच्या लक्षात येतात का, हा खरा प्रश्न.

शहापूरच्या माणसाला हद्दीचे अप्रूप नाही. ८ मार्च १९४८ पर्यंत आपले शहापूर सांगली संस्थानात होते आणि लगतचे बेळगाव स्वातंत्र्यापर्यंत ब्रिटिश मुलखात. आपल्या आजोबांच्या पिढीसाठी बाजारात चालता चालता राज्य बदलत असे. पुढे १९५६ मध्ये आणखी एक हद्द आपल्या वाट्याला आली. त्या वादाची जागा हा लेख नव्हे. मला एवढेच म्हणायचे आहे की त्या हद्दी दिसत होत्या. लहानपणी जकात नाक्यावर आडवा टाकलेला बांबू, कंदील आणि पावतीपुस्तक घेऊन बसलेला कारकून, हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. कोणी अडवले, कशासाठी, किती द्यायचे, हे उघड होते. त्याच्याशी हुज्जत घालता येत होती. आताच्या नाक्याला बांबूही नाही आणि कारकूनही नाही.

घराबाहेरच्या नाक्यांचा इतिहास पाहिला म्हणजे हे अधिक जाणवते. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातील एका बंडखोर संघटनेचा याहूवरील एक समूह बंद करण्याचा आदेश केंद्र शासनाने दिला. सेवादात्या कंपन्यांना एकच समूह वेगळा काढता येईना, म्हणून त्यांनी याहूचे सगळेच समूह काही दिवस बंद केले. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांनंतर मोजक्या पानांची यादी निघाली. प्रत्यक्षात 'ब्लॉगस्पॉट'चे अवघे दालनच अनेकांसाठी बंद झाले, आणि नुकती कोठे मराठीतून अनुदिनी लिहू लागलेली मंडळीही त्यात अडकली. डिसेंबर २०१४ मध्ये ३२ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश झाला. त्यात संगणकतज्ज्ञांचे 'गिटहब' होते आणि 'इंटरनेट आर्काइव्ह'ही होते. ऑगस्ट २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या चित्रपट-चौर्याविषयीच्या आदेशातील अडीच हजारांहून अधिक पत्त्यांत तेच 'आर्काइव्ह' पुन्हा सापडले.

आपल्या मंडळाच्या वाचकांना या शेवटच्या नावाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जुन्या मराठी ग्रंथांच्या आणि नियतकालिकांच्या प्रतिमा तेथे विनामूल्य वाचायला मिळतात. एखादा अभ्यासक रात्री जुना ग्रंथ उघडू पाहतो आणि तो उघडत नाही, तेव्हा तो काय समजतो? राउटर बंद करून पुन्हा सुरू करतो. तार हलवून पाहतो. सेवादात्याला फोन लावतो; तेथला मुलगा कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत एकच सांगतो की आमच्याकडे सर्व ठीक आहे. शेजाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीची जोडणी असेल तर तेथे तेच पान उघडतेही. कारण निरनिराळ्या सेवादात्यांच्या अडवणुकीच्या याद्या सारख्या नाहीत, असे बंगळूरच्या 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी'च्या अभ्यासकांनी २०२० मध्ये दाखवून दिले आहे. अभ्यासक आपल्याच पेटीला दोष देत झोपी जातो.

अडवणे मुळातच गैर आहे, असे माझे म्हणणे नाही. बँकेची हुबेहूब नक्कल करून निवृत्तिवेतनधारकांना लुबाडणारी संकेतस्थळे बंदच झाली पाहिजेत. मुलांच्या छळाची चित्रे बाळगणारी तर क्षणभरही चालू राहू नयेत. शासनाला तो अधिकार कायद्याने दिलेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६९-अ हे कलम २००९ मध्ये लागू झाले. देशाची सार्वभौमता व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी संबंधित दखलपात्र गुन्ह्यास चिथावणी, एवढ्याच कारणांसाठी त्याखाली आदेश देता येतो, आणि कारणे लेखी नोंदवावी लागतात. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६६-अ कलम रद्द केले, परंतु ६९-अ कायम ठेवले. त्याचे एक कारण हेच की लेखी कारणांमुळे आदेशाला आव्हान देता येते.

येथे माझ्यातला जुना अधिकारी थबकतो. कारणे लिहायची, हे उत्तम. पण २००९च्याच नियमांतला १६वा नियम म्हणतो की अशा तक्रारी आणि त्यांवरील कारवाई यांबाबत कडक गुप्तता राखावी. हिंबरह लिहायचे, सही करायची आणि कपाटात ठेवायचे; मग अर्जदाराने वरच्या पायरीवर जावे ते काय घेऊन? छापील पुस्तकाच्या बाबतीत आपला कायदा असा नव्हता. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ९५व्या कलमाखाली एखादे पुस्तक सरकारजमा करायचे तर आपल्या मताची कारणे देऊन तशी अधिसूचना काढावी लागे, आणि बाधित व्यक्तीला दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही तरतूद आहे. ग्रंथ अडवताना दवंडी पिटायची आणि संकेतस्थळ अडवताना दिवा मालवायचा, हा भेद मला पटत नाही.

न्यायालयांनी या दिशेने काही पावले टाकली आहेत. हुंडाप्रथेची टर उडवणारे 'डाउरी कॅल्क्युलेटर' हे व्यंगात्मक संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद करण्यात आले. त्याच्या कर्त्याला आदेशाची प्रत द्यावी आणि त्याचे म्हणणे ऐकावे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेट बंद ठेवण्याचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे बजावले. आदेशच दिसत नसेल तर नागरिकाने आव्हान कशाला द्यायचे? त्यानंतर त्याच महिन्यात काश्मीरमध्ये उफराटा प्रकार झाला : बंद काय याऐवजी चालू काय, याची १५३ संकेतस्थळांची यादी निघाली. पण ती यादी निदान उघड होती. तिच्यातल्या उणिवांवर लोकांना बोट ठेवता आले.

तंत्रज्ञांनीही आपल्या परीने या प्रश्नाचा विचार केला आहे. पान सापडले नाही तर संकेतस्थळ ४०४ हा आकडा पाठवते, मनाई असेल तर ४०३. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांत एका नव्या आकड्याची अधिकृत भर पडली : ४५१, अर्थात 'कायदेशीर कारणास्तव उपलब्ध नाही'. टिम ब्रे या तंत्रज्ञाने तो सुचवला. रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ मधील कादंबरीच्या नावात हा आकडा आहे; त्या कादंबरीतल्या जगात पुस्तके जाळली जातात. या आकड्याबरोबर अडवण्याची मागणी कोणी केली, कोणत्या कायद्याखाली केली आणि प्रत्यक्ष अडवतो कोण, हे सांगावे अशी त्या नियमाची शिफारस आहे. तीन आकड्यांचे हे हिंबरह मला फार आवडले. त्याने दार उघडत नाही; पण 'अडले की अडवले' याचे प्रामाणिक उत्तर मिळते, आणि माणूस आपल्याच पेटीला दोष देणे थांबवतो. आपल्याकडेही काही सेवादाते दूरसंचार विभागाच्या आदेशान्वये पान बंद असल्याची पाटी पडद्यावर आणतात. कोणता आदेश, कोणत्या दिवशीचा, हे त्या पाटीवर नसते. तेवढे आले तरी पुष्कळ होईल.

दिल्लीतल्या नियमांत बदल करणे आपल्या हाती नाही. घरातला नियम आपल्या हाती आहे, म्हणून तेवढा केला. मुले सुटीत येतात तेव्हा चाळणी लागते. ती लावू नये असे मी म्हणत नाही. पण आता राउटरच्या बाजूला खिळ्याला एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर चार रकाने आखले आहेत : काय बंद केले, कोणी केले, का केले आणि कोणत्या तारखेला उघडायचे. चिरंजीवांनी पहिली नोंद स्वतःच्या हाताने केली आणि सहीही केली. जुनी यादी पुसून त्यांनी फक्त चार नोंदी ठेवल्या, प्रत्येकीपुढे कारण आणि मुदत.

नात आता मोठी झाली आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत तिने तो पुठ्ठा नीट वाचला आणि विचारले, "आजोबा, यात अपिलाचा रकाना कुठं आहे?" प्रश्न रास्त होता. पाचवा रकाना आखला. अपील आजीकडे करायचे, असे सर्वानुमते ठरले. आजवर दोन अपिले आली. एक मंजूर झाले. दुसरे कारण लिहून नामंजूर.